रांगेचं लॉक, यादीचं लॉक

“दोन लाख साठ हजार,” रेवण म्हणाला.

“पुन्हा लाव,” आठल्ये मॅडम म्हणाल्या.

त्याने पुन्हा लावलं. आम्ही सहाही जण टेस्टरूममधल्या त्या लोखंडी टेबलाभोवती उभे होतो. मॉनिटरवरचा आकडा चढत गेला आणि परत तिथेच येऊन थांबला. सेकंदाला दोन लाख साठ हजार पॅकेट. आदल्या आठवड्यापर्यंत आमचा राउटर एक लाख चाळीस हजारांच्या पुढे सरकत नव्हता.

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, “रेवण, सुरेख काम केलंस.”

सुरेख! तीन वर्षांत हा शब्द मला एकदाच मिळाला होता, आणि तोही कोडसाठी नाही, एका माहितीपुस्तिकेसाठी. हा रेवणसिद्ध बिराजदार अक्कलकोटहून येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मागून आली नि तिखट झाली म्हणतात, तसा प्रकार. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरातही मीच वाजवल्या असतील.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. पुण्यात एरंडवण्यात एका फर्निचरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. कंपनी राउटर बनवायची, म्हणजे कारखान्यातल्या, बँकेतल्या शेकडो संगणकांची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, इकडून तिकडे पोचवणारी पेटी. आम्ही त्या पेटीच्या पोटातला, अगदी तळाचा प्रोग्रॅम लिहायचो. आधीच्या पेटीत एकच प्रोसेसर होता. नव्या पेटीत दोन आले आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

दोन प्रोसेसर म्हणजे एका ओट्याशी दोन सुना. दोघींनी एकदम त्याच पातेल्यात डाव घातला की आमटी सांडणार. म्हणून प्रोग्रॅममध्ये लॉक असतं. ज्याला पॅकेटच्या रांगेला हात लावायचा त्याने आधी रांगेचं लॉक घ्यायचं, काम उरकायचं, लॉक सोडायचं. तोवर दुसऱ्याने थांबायचं. नुसतं थांबायचं म्हणजे अक्षरशः काहीही न करता ‘सुटलं का, सुटलं का’ विचारत राहायचं.

पहिलं लॉक मी घातलं होतं. सगळ्या नेटवर्कच्या कामाला मिळून एकच. एक प्रोसेसर आत गेला की दुसरा बाहेर तिष्ठत उभा. सुरक्षित होतं, दोन वर्षांत एकदाही पेटी अडकली नव्हती. पण दोन प्रोसेसर असून काम दीडाचंही होत नव्हतं. रेवणने ते एक लॉक मोडून त्याची अनेक बारीक लॉक केली. प्रत्येक रांगेला वेगळं, पोर्टच्या यादीला वेगळं. पोर्ट म्हणजे पेटीला जिथे केबल खोचतात ती भोकं. कुठली चालू, कुठली बंद, याची यादी आत ठेवलेली असते. आता दोन्ही प्रोसेसर आपापलं काम करायला मोकळे झाले. उघड होतं, सोपं होतं आणि मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी टाळ्या झाल्यावर मॅडमनी दार लोटून घेतलं.

“आता ऐका,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात ही पेटी नाशिकला जाईल. सातपूरच्या एका औषध कारखान्यात. सात दिवस, न अडकता चालली पाहिजे. चालली तर प्रोजेक्ट आपलं. अडकली तर हेड ऑफिस ते चेन्नईच्या टीमला देणार. मला तसं स्पष्ट कळवलंय.”

“आणि आपण?” कोणीतरी विचारलं.

“तुम्हाला दुसरीकडे घेतील. तुम्ही तरुण आहात.” मॅडम हसल्या. “मला कोण घेतंय? मी तीन वर्षं भांडून हे काम पुण्यात आणलंय. हे गेलं की मी गेले.”

तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या बरोबरीचे पुरुष केव्हाच व्हाइस प्रेसिडेंट वगैरे होऊन बसले होते, आणि या अजून आमच्या शेजारी बसून पेन्सिलीने कोड तपासायच्या. मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी निवडलं होतं. माझी आई दापोलीला, वडील नाहीत. मी त्यांना मॅडम म्हणायचे, पण मनात त्यांच्यावर माझा हक्क होता. तो मला कोणी दिलेला नव्हता.

रेवण आल्यापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं. तो घरून शेंगाचटणीचा डबा आणायचा आणि मॅडम ती भाकरीच्या तुकड्यावर घेऊन “वा!” म्हणायच्या. मी एकदा आईकडून फणसपोळी मागवली. मॅडमनी एक तुकडा घेतला आणि मधुमेहामुळे बाकीची सगळ्यांना वाटली. रेवणने दोन खाल्ल्या. तो मला “तुम्ही” म्हणायचा, खरं तर माझ्याहून एकाच वर्षाने लहान. तेही मला टोचायचं. वाटायचं, आदराच्या नावाखाली हा मला म्हातारी करून बाजूला बसवतोय. मॅडमच्या केबिनची काच माझ्या खुर्चीतून दिसायची. तो आत गेला की माझं लक्ष स्क्रीनवर राहायचं नाही. हसण्याचा आवाज आला की संपलंच.

मॅडमचा एक दंडक होता. कोणीही कोड लिहिला की तो छापायचा, आणि दुसऱ्याने लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून तो मोठ्याने वाचायचा. बाराखडी वाचावी तसा, ओळ न् ओळ. पटलं की कोपऱ्यात ‘पाहिलं’ असं लिहून सही. त्या म्हणायच्या, “डोळे चुकतात, तोंड अडखळतं. जिथे अडखळाल तिथे चूक असते.” कंपनीत बाकी टीम आम्हाला आठल्येबाईंची पाठशाळा म्हणून हसायच्या.

रेवणच्या नव्या कोडचं वाचन माझ्याकडे आलं, आणि माझा एक भाग त्याच्याकडे. माझा भाग छोटा होता, केबल निघाली तर काय करायचं तो. आधी पोर्टच्या यादीचं लॉक घ्यायचं, यादीत त्या पोर्टवर काट मारायची, मग त्याच्या रांगेचं लॉक घेऊन उरलेली पॅकेट फेकून द्यायची.

रेवण खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आला. “बसायचं का केळुसकर? निम्मं आज वाचू.”

“ठेव तिथे. मी बघते,” मी म्हणाले.

“पण मॅडम म्हणालेत...”

“मला वाचता येतं, रेवण.”

त्याने खुर्ची मागे घेतली. मग म्हणाला, “बरं. तुमचाबी द्या, मीबी घरी घेऊन जातो.” आणि खुर्ची जागेवर ठेवून गेला. आम्ही दोघांनी दंडक मोडला तो असा, कोणाला न कळता, अगदी सभ्यपणे.

त्याचे एकवीस कागद मी दोन दिवस चाळले. चूक सापडावी म्हणून वाचत होते, हे लपवत नाही. तेराव्या कागदावर सापडली. पॅकेट पाठवताना त्याचा कोड आधी रांगेचं लॉक घ्यायचा. आणि समोरचा पोर्ट मेलाय असं दिसलं तर, हातात रांगेचं लॉक तसंच ठेवून, यादीचं लॉक मागायचा.

माझ्या कोडमध्ये आधी यादी, मग रांग. त्याच्यात आधी रांग, मग यादी.

हे लॉकवाल्यांचं सगळ्यांत जुनं दुखणं. एकीच्या हातात पोळपाट, दुसरीच्या हातात लाटणं. ही म्हणते लाटणं दे, मग पोळपाट सोडते. ती म्हणते पोळपाट दे, मग लाटणं सोडते. पोळी कधीच लाटली जात नाही. पेटीत हे झालं तर दोन्ही प्रोसेसर जन्मभर एकमेकांना विचारत उभे राहणार, आणि पेटी मेल्यात जमा.

मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. मग लाल पेनाने त्या ओळीभोवती गोल काढला, तो कागद गठ्ठ्यातून काढून माझ्या पर्समध्ये ठेवला, तेरावा पुन्हा कोरा छापून त्या जागी लावला आणि शेवटच्या पानावर लिहिलं, ‘पाहिलं. शर्वरी केळुसकर.’

पेटी नाशिकला अडकावी असं मला वाटत नव्हतं. खरंच नव्हतं वाटत. माझा हिशेब असा होता की ती इथेच, टेस्टरूममध्ये, मॅडमच्या डोळ्यांसमोर अडकेल. सगळे घाबरतील, रेवणचा चेहरा उतरेल, आणि मग मी शांतपणे पर्स उघडीन. पण पॅकेटच्या भर वाहतुकीत केबल निघाल्याशिवाय ती अडकणार नव्हती, आणि त्यातही प्रत्येक वेळी नाही, योग जुळला तर. टेस्टरूममध्ये भर वाहतुकीत केबल कोण काढणार?

एका दुपारी मी एकटीच तिथे होते. पेटी पूर्ण वेगाने चालली होती. मी केबलला हात घातला. नुसती खेचायची होती. नाही अडकली तर परत खोचायची, परत खेचायची. दहा-वीस वेळांत अडकलीच असती. तेवढ्यात मॅडम आत आल्या.

“काय गं?”

“काही नाही. सैल वाटली.”

“रेवणनं कालच सगळ्या घट्ट केल्यात,” त्या म्हणाल्या.

झालं. मी हात काढून घेतला. घट्ट केल्यात ना त्याने? मग राहू देत घट्ट, असं मी मनात म्हटलं. इतकी मी मूर्ख होते.

माझा कोड त्याने चार दिवसांनी परत दिला. एकही खूण नाही, एकही प्रश्न नाही. खाली ‘पाहिलं. रे. बिराजदार.’ मला वाटलं, याने नीट वाचलासुद्धा नाही.

नाशिकला मॅडमनी आम्हा दोघांना नेलं. पहिले चार दिवस पेटी उत्तम चालली. कारखान्याच्या सर्व्हररूममध्ये आम्ही पाळीपाळीने बसायचो. पेटीच्या तोंडावर एक हिरवा दिवा आम्ही मुद्दाम ठेवला होता; आतला प्रोग्रॅम जिवंत असला की तो सेकंदाला एकदा लुकलुकायचा. मी त्याच्याकडे बघत बसायचे आणि खरं सांगायचं तर मला आता भीती वाटायला लागली होती. चौथ्या दिवशी जेवताना मी बोलायचं ठरवलं होतं. “मॅडम,” म्हणून सुरुवातही केली. तर मॅडम रेवणला सांगत होत्या की चेन्नईच्या लोकांसमोर लॉकवरचं भाषण तू कर. मी वरण वाढून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी पावणेतीनला, आम्ही तिघंही तिथे असताना, कारखान्याचे इलेक्ट्रिशियन सोनवणे पंख्याची वायर ओढायला टेबलावर चढले, आणि उतरताना त्यांचा पाय केबलच्या जुडग्यात अडकला. दोन केबल निघाल्या.

“सॉरी हां मॅडम, लावतो लगेच,” म्हणत त्यांनी त्या परत खोचल्यासुद्धा.

हिरवा दिवा लागलेला होता. पण लुकलुकत नव्हता.

दोन मिनिटांत पॅकिंग विभागाचा फोन आला, मग स्टोअरचा, मग गेटचा. कारखान्याचे संगणकप्रमुख देवरे धावत आले. “काय झालं? सगळं बंद पडलंय!”

 मॅडम पेटीपुढे वाकल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “हे काय झालं?”

“रांगेचं आणि यादीचं लॉक,” मी म्हणाले.

“यादीचं न् रांगेचं लॉक,” रेवण म्हणाला.

दोघंही एकाच श्वासात बोललो. सोनवणे आमच्याकडे बघायला लागले.

मॅडम सावकाश सरळ झाल्या. पेटी का अडकली हे शोधायला आमच्या धंद्यात चार-चार दिवस जातात. तारा जोडायच्या, आतल्या आकड्यांची पानं काढायची, रात्रंदिवस डोकं फोडायचं. आम्ही पेटीला हातही लावला नव्हता.

“न बघता कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

त्यांनी आधी माझ्याकडे, मग रेवणकडे बघितलं.

“दोघांनाही?”

देवरेंनी पेटी बंद करून जुनी लावायला सांगितली आणि फोन घ्यायला बाहेर गेले. सोनवणेही हळूच गेले. मॅडम खुर्चीवर बसल्या. मी पर्स उघडली. इतके दिवस मी या क्षणाची वाट बघितली होती. मी तेरावा कागद काढून टेबलावर ठेवला.

रेवणने खांद्यावरची बॅग उतरवली, एका वहीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. तो माझ्या कोडचा मूळ कागद होता; मला त्याने कोरी प्रत परत दिली होती. माझ्या दोन ओळींभोवती हिरव्या शाईचा चौकोन होता, आणि शेजारी लिहिलं होतं, ‘क्रम उलटा. अडकणार.’

त्याला वाटलं होतं चूक माझी. मला वाटलं होतं त्याची. वेगवेगळे वाचले तर दोन्ही कागद बरोबर होते. शेजारी ठेवल्यावरच चूक दिसत होती, आणि ते शेजारी आले होते ते आता, नाशिकला, पावणेतीननंतर.

“तुला केव्हा कळलं?” मॅडमनी मला विचारलं.

“तीन आठवडे झाले.”

“तुला?”

“तेवढेच,” रेवण म्हणाला. “मी बघलो त्याच आठवड्यात.”

“मग माझ्याकडे का नाही आलास?”

 तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मॅडम, मी काय बी आणलो की तुम्ही म्हणता, शर्वरीला विचारलास का? दोन ओळीचं असलं तरी. शर्वरीला दाखव, शर्वरी बघेल. सहा महिने झाले. मला वाटलं, एकदा कळू दे तुम्हाला, तिचं बी चुकतंय.”

 मॅडम त्याला असं म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. काचेपलीकडे मला फक्त हसू ऐकू यायचं.

“आणि तू?” मॅडम मला म्हणाल्या.

“मला...” मी म्हणाले, “तुम्ही त्याला सुरेख म्हणालात.”

ते वाक्य त्या खोलीत इतकं पोरकट वाटलं की ते परत घेता आलं असतं तर मी वाटेल ते दिलं असतं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, घडी केली आणि म्हणाल्या, “दोन ओळी वरखाली करायच्या होत्या रे. एकानं जरी तोंड उघडलं असतं.”

मग पेनाचं टोपण काढून त्या अहवाल लिहायला बसल्या. कारण: लॉकचा क्रम जुळत नव्हता. जबाबदारी: जयमाला आठल्ये. आमची नावं त्यात नव्हती. मी म्हणाले, “मॅडम, आमचं नाव घाला.” त्या म्हणाल्या, “शेवटची सही माझी आहे. मीही तुमच्या दोघांच्या सह्या बघून ‘पाहिलं’ लिहिलं. तुम्ही शेजारी बसलात का, हे मी विचारलं नाही.”

प्रोजेक्ट चेन्नईला दिल्याचं हेड ऑफिसचं पत्र नवव्या दिवशी आलं. ओळी आम्ही केव्हाच वरखाली केल्या होत्या, टेस्टरूममध्ये शेकडो वेळा केबल खेचून बघितली होती, पेटी अडकत नव्हती. त्याला आता कोणी विचारत नव्हतं. महिनाअखेरीला मॅडमनी राजीनामा दिला. आम्हा बाकीच्यांना दुसऱ्या कामावर घेतलं. मला तर बढती मिळाली.

त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेकट्याला केबिनमध्ये बोलावलं. आधी रेवणला. मी बाहेर भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले. तो पंचवीस मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

मग मी गेले. मॅडम बोलल्या ते साधंच होतं. मधुमेहाचं, त्यांच्या भावाकडे रत्नागिरीला राहायला जाण्याचं, माझ्या आईच्या गुडघ्यांचं. नाशिकचा विषय त्यांनी काढला नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “ते राहू दे आता. जेवत जा वेळेवर.” निघताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

मी बाहेर आले. रेवण त्याच घड्याळाखाली उभा होता.

“तेहतीस,” तो म्हणाला.

“तुझी पंचवीस होती,” मी म्हणाले.

मला आठ मिनिटं जास्त मिळाली होती आणि मला बरं वाटलं. आज वीस वर्षांनी हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं ते वाटलं. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. आत मॅडम त्यांची पुस्तकं खोक्यांत भरत होत्या, चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. चार खोकी होती, लिफ्ट बंद होती. मग त्या एक-एक खोकं पोटाशी धरून जिन्याने खाली नेऊ लागल्या. पुढे होऊन हात लावावा हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.